दक्षिण मॅनिटोबाच्या मेनोनाइट गावात पहिलं वर्ष

कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतात विनिपेगहून दक्षिणेला शंभरेक किलोमीटर आलं की आल्टोना, ग्रेटना, प्लम कूली, रोझनफेल्ड, न्यूबर्गथाल अशी गावं लागतात. अमेरिकेची हद्द इथून हाकेच्या अंतरावर आहे. २०१९ साली निवडलेल्या ग्रामीण स्थलांतर योजनेच्या गावांमध्ये हा पट्टा होता, आणि २०२५ मध्ये जाहीर झालेल्या पुढच्या योजनेतही आल्टोना-ऱ्हाइनलँडचं नाव आहे. त्या वाटेने, किंवा प्रांत स्वतः शिफारस करतो त्या नॉमिनी योजनेतून, एखादं मराठी कुटुंब इथे येत असेल तर हा लेख त्यांच्यासाठी आहे. योजनेच्या अटी बदलत राहतात, त्या सरकारी संकेतस्थळावरच वाचा. एक गोष्ट मात्र बदलत नाही. नोकरीच्या पत्रासाठी कुणी पैसे मागितले तर तो व्यवहार बेकायदा आहे. तिथेच थांबा.

या भागात मोसमाच्या आधी महिनाभर हातपाय हलवले तर वर्ष सुरळीत जातं. बर्फ पडल्यावर टायर शोधायचे आणि पाणी आल्यावर पंप बघायचा, असं केलं की पैसाही जातो आणि जीवही टांगणीला लागतो. म्हणून खालचा क्रम मोसमाप्रमाणे ठेवला आहे.

गाव कोणाचं, थोडक्यात

मेनोनाइट हा सोळाव्या शतकातल्या युरोपात उभा राहिलेला ख्रिस्ती पंथ. बाप्तिस्मा प्रौढपणी, स्वतःच्या समजुतीने घ्यायचा आणि शस्त्र हाती धरायचं नाही, ही त्याची दोन मोठी तत्त्वं. आजच्या युक्रेनमधून जर्मन बोलणारे सुमारे ७,००० मेनोनाइट १८७४ ते १८८० या काळात मॅनिटोबात आले. रेड नदीच्या पश्चिमेचा हा पट्टा १८७५ पासून वसला. त्याआधी ही भूमी अनिशिनाबे आणि मेटिस या मूळ लोकांच्या वावराची होती. १८७१ मध्ये मूळ लोकांशी झालेल्या पहिल्या तहानंतर सरकारने ती वाटायला काढली.

सरकारी मोजणीत जमीन १६० एकरांच्या चौकोनी तुकड्यांत दिली जाई आणि प्रत्येकाने आपापल्या तुकड्यावर घर बांधावं अशी अपेक्षा असे. या लोकांनी तुकडे एकत्र केले आणि गावठाण बसवलं: मधून एकच रस्ता, दोन्ही बाजूंना घरं, मागे शेताच्या लांब पट्ट्या. १८७६ मध्ये वसलेल्या न्यूबर्गथालमध्ये ही रचना अजून पाहायला मिळते, ते राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. तिथली जुनी घरं आणि गोठे एकमेकांना जोडलेले आहेत. हिवाळ्यात अंगणात पाऊल न टाकता गुरांपर्यंत जाता यावं, म्हणून.

घोडागाड्या आणि काळे झगे इथे शोधू नका. शेजारी पिकअप ट्रक चालवतात आणि त्यांच्या ट्रॅक्टरला उपग्रह वाट दाखवतो. एकाच गावात चार-पाच प्रकारची मेनोनाइट चर्चं असतात, काही सैल तर काही कडक. काही कुटुंबं १९२० च्या दशकात शाळेतल्या भाषेच्या वादातून मेक्सिको आणि पॅराग्वेला गेली होती. त्यांची नातवंडं आता परत आली आहेत आणि घरात प्लाउटडीच ही जुनी जर्मन बोली बोलतात. सगळ्यांना एका मापाने मोजू नका.

घर घेताना किंवा भाड्याने बघताना आधी तळघरात उतरा

रेड नदीच्या खोऱ्यातली माती जड, काळी, चिकण आहे. विदर्भ-मराठवाड्यातली काळी माती ज्यांनी पाहिली आहे त्यांना ती लगेच ओळखू येईल: पाणी प्यायली की फुगते, उन्हात आकसून भेगाळते. वर्षानुवर्षं हे चाललं की बेसमेंटच्या भिंती आत ढकलल्या जातात आणि जमिनीची लादी उचलली जाते. म्हणून स्वयंपाकघर बघण्याआधी बेसमेंट बघा. भिंतीवरची उभी, केसासारखी चीर बहुधा चालते. आडवी चीर, किंवा भिंतीला आत आलेला फुगवटा दिसला तर पायाच्या कामातला माणूस आणल्याशिवाय सही करू नका. भिंतीच्या तळाशी पांढरी खार किंवा नुकताच मारलेला रंग दिसला तर पाणी कधी आलं होतं, हे थेट विचारा.

बेसमेंटच्या कोपऱ्यात झाकण असलेला एक खड्डा असतो. घराच्या पायाभोवती पुरलेल्या छिद्रांच्या नळीतून पाणी या खड्ड्यात उतरतं आणि संप पंप ते बाहेर फेकतो. तपासणी सोपी आहे. झाकण काढून वीस लिटरची बादली सावकाश ओता. पाणी चढलं की तरंगता फ्लोट वर येऊन पंप सुरू झाला पाहिजे आणि पाणी उतरल्यावर आपोआप बंद झाला पाहिजे. पंप गुणगुणतो पण पाणी हलत नाही, तर आत खडा अडकला असेल किंवा बाहेरची नळी तुंबली असेल. पंप बंद होताच पाणी धबधब्यासारखं परत खड्ड्यात येत असेल तर नळीतला उलट-झडपेचा वॉल्व्ह गेला आहे. फ्लोट खड्ड्याच्या भिंतीला घासून अडकणं हा नेहमीचा बिघाड. पंप सरळ उभा केला की तो सुटतो. वसंतातल्या वादळात वीज जाते आणि पाणी नेमकं तेव्हाच येतं, तेव्हा बॅटरीवरचा दुसरा पंप असलेलं घर मिळालं तर फार बरं.

गावाबाहेरच्या घरात सांडपाण्याचं काय, ते विचारा. सेप्टिक फील्ड, म्हणजे टाकीतलं पाणी जमिनीत मुरवायची सोय, असेल तर टाकीतला गाळ दोन-तीन वर्षांनी उपसावा लागतो. होल्डिंग टँक असेल तर सगळं सांडपाणी टाकीत साठतं आणि ट्रक बोलावून रिकामं करावं लागतं, दर खेपेला पैसे मोजून. दोन्हींत फोडणीचं तेल मोरीत ओतायचं नाही. थंडीत ते नळीत गोठतं. कढईतलं तेल कागदाने पुसून कचऱ्यात टाका.

घराच्या विम्यात दोन कलमं वेगळी मागून घ्यावी लागतात: सांडपाणी उलट येण्याचं आणि जमिनीवरून येणाऱ्या पुराचं. १९९७ च्या पुरात रेड नदी इथे कित्येक किलोमीटर रुंद पसरली होती. नुसतं ‘घराचा विमा’ म्हटलं की ही दोन्ही कलमं त्यात असतीलच असं नाही.

पहिल्या दोन आठवड्यांतली कागदपत्रं

नोकरीसाठी लागणारा सोशल इन्शुरन्स नंबर, मॅनिटोबा हेल्थ या प्रांताच्या आरोग्यसेवेची नोंदणी, बँक किंवा क्रेडिट युनियनचं खातं आणि मुलांची शाळा. आल्टोना परिसरातल्या शाळा बॉर्डर लँड स्कूल डिव्हिजनकडे आहेत. लसीकरणाची कागदपत्रं भारतातूनच इंग्रजीत करून आणा. गावाबाहेर राहणार असाल तर स्कूल बसचा थांबा नोंदणीच्या दिवशीच विचारा.

गाडीचं लायसन्स सांभाळून हाताळा. मॅनिटोबात राहायला आल्यावर तीन महिन्यांच्या आत इथलं लायसन्स घ्यावं लागतं. भारतीय लायसन्स नुसतं बदलून मिळत नाही, लेखी आणि रस्त्यावरची अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. रस्त्यावरच्या परीक्षेची तारीख मिळायला वेळ लागतो, म्हणून लेखी परीक्षा पहिल्या पंधरवड्यातच देऊन टाका. इथे सार्वजनिक बस नाही. गाडी नसेल तर किराणाही नाही.

ऑक्टोबर: बर्फाच्या आधीची कामं

बाहेरच्या नळाला लावलेली बागेची नळी काढा. घराच्या आतून त्या नळाचा वॉल्व्ह बंद करा, मग बाहेरचा नळ उघडून उरलेलं पाणी गळू द्या. नळी तशीच लावून ठेवली की नळात पाणी अडकून राहतं, गोठून पाइप भिंतीच्या आत फुटतो आणि ते कळतं एप्रिलमध्ये. संप पंपाची बाहेरची लांब नळीही काढून ठेवा. तिच्यात पाणी गोठलं तर पंप बंद दाराला धडका देत जळतो.

फर्नेसचा, म्हणजे घर तापवणाऱ्या यंत्राचा, फिल्टर बदला. त्याचं माप जुन्या फिल्टरच्या कडेवर छापलेलं असतं आणि बाणाची दिशा फर्नेसकडे हवी. पाकिटावर काहीही लिहिलेलं असो, रोज फोडणी होणाऱ्या घरात हिवाळ्यात दर महिन्याला फिल्टर काढून उजेडात धरून बघा, आरपार उजेड दिसत नसेल तर बदला. नव्या गॅस फर्नेसच्या दोन पांढऱ्या प्लास्टिकच्या नळ्या घराबाहेर निघतात, एक हवा घेणारी आणि एक धूर सोडणारी. वाऱ्याने बर्फाचा ढीग तिथे लागला किंवा नळीच्या तोंडावर बर्फ धरला की फर्नेस स्वतःहून बंद पडतो. रात्री घर गार पडलं तर आधी बाहेर जाऊन या नळ्या मोकळ्या करा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपायच्या खोल्यांजवळ हवाच.

खिडक्यांच्या आतल्या बाजूला पाणी साचून काळी बुरशी धरते, त्याचं कारण बहुतेक वेळा आपला स्वयंपाक आणि घरात वाळत घातलेले कपडे असतात. बाहेर उणे तीस असताना घरातली आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास आणावी लागते. कुकरची शिटी होण्याआधीच शेगडीवरचा पंखा लावा, पण तो हवा खरोखर बाहेर फेकतो का ते तपासा. पुष्कळ घरांत तो जाळीतून फिरवून तीच हवा परत खोलीत सोडतो.

कपड्यांची खरेदी आल्टोना, विंकलरच्या मेनोनाइट सेंट्रल कमिटी या मदतसंस्थेच्या थ्रिफ्ट, म्हणजे वापरलेल्या वस्तूंच्या, दुकानांत करा. अशा दुकानांची सुरुवातच १९७२ मध्ये आल्टोनातून झाली. मुलांच्या स्नोपँट आणि बूट एका हिवाळ्यात अपुरे पडतात, नवे घेण्यात अर्थ नाही. मोठ्यांचे बूट मात्र नवे घ्या, आतलं अस्तर काढून वाळवता येईल असे. ओलं अस्तर हे पाय गोठण्याचं पहिलं कारण.

गाडी आणि थंडी

गाडीच्या पुढच्या जाळीतून तीन पिनांची वायर लोंबताना दिसली तर गाडीला ब्लॉक हीटर आहे. इंजिनाला ऊब देणारा हा छोटा हीटर इथे चैन नाही. दक्षिण ओंटारिओ किंवा व्हँकुव्हरकडून आलेल्या जुन्या गाडीत तो बहुधा नसतो. घेण्याआधी बघा, नसेल तर बसवायचा खर्च किमतीतून वजा करून मागा. पारा उणे पंधराच्या खाली जाणार असेल तर निघण्याआधी दोन ते चार तास प्लग लावायचा. रात्रभर लावून काही जास्त मिळत नाही, वीजबिल तेवढं चढतं. बाहेर वापरायचा टायमर आणि बाहेरच्या वापराची जाड एक्स्टेंशन वायर घ्या. घरातली बारीक पांढरी वायर गरम होऊन वितळते. सकाळी घाईत प्लग न काढता गाडी काढणं नेहमीचं आहे. त्यावर उपाय म्हणजे वायरचा एक वेढा ड्रायव्हरकडच्या आरशाला द्यायचा.

हिवाळी टायर मॅनिटोबात सक्तीचे नाहीत, तरी घ्याच. बाजूवर डोंगर आणि त्यात हिमकण अशी खूण हवी. मॅनिटोबा पब्लिक इन्शुरन्स या प्रांताच्या वाहन विमा कंपनीची यासाठी कर्जयोजना आहे, ठरलेल्या दुकानांतून घ्यावे लागतात. काच धुण्याचं पाणी उणे ४० चं भरा. टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका.

इथली खरी भीती वाऱ्याची आहे. आभाळ निळं असतं आणि जमिनीलगत बर्फ असा उडतो की बॉनेटपलीकडे दिसत नाही. निघण्याआधी ५११ या रस्त्यांच्या माहितीसेवेवर रस्त्याची स्थिती बघा. रस्ता बंद असेल तर तो खरोखर बंद असतो, कामावर फोन करा, इथल्या मालकांना ते नवीन नाही. अडकलातच तर गाडी सोडून चालू नका. दिव्याचा उजेड जवळ वाटतो पण ते घर दोन किलोमीटरवर असतं. सायलेन्सरच्या तोंडाचा बर्फ काढा, तासातून दहा मिनिटं इंजिन चालवा, वाऱ्याच्या उलट बाजूची काच बोटभर उघडी ठेवा. गाडीत ब्लँकेट, फावडं, मेणबत्ती आणि काडेपेटी डब्यात, फोनचा चार्जर, शेंगदाणे-गूळ असं काहीतरी असू द्या.

वाऱ्यासह तापमान उणे २८ च्या खाली गेलं की उघडी कातडी दहा ते तीस मिनिटांत गोठू शकते. मुलांचे कान आणि गाल झाका. सकाळी बस रद्द झाल्याची सूचना आल्टोनाच्या सीएफएएम ९५० रेडिओवर येते.

रस्त्यांची मोजणी कळली की वाट चुकत नाही

इथे रस्ते एकेक मैलावर आहेत, सरळ रेघेत. ‘रोड ५ नॉर्थ’ म्हणजे अमेरिकेच्या हद्दीपासून साधारण पाच मैल उत्तरेचा आडवा रस्ता. उभे रस्ते मुख्य रेखावृत्तापासून पूर्वेला किंवा पश्चिमेला मोजतात. ९११ ला फोन करताना घरासमोरच्या पाटीवरचा आकडा आणि रस्त्याचा क्रमांक सांगा. तो फ्रिजवर लिहून ठेवा, घाबरलेल्या माणसाला आठवत नाही.

खडीच्या रस्त्यावर साठ-सत्तरच्या वर जाऊ नका आणि चाकांच्या पडलेल्या वाटेतच राहा. ग्रेडर (खडी सारखी करणारं यंत्र) फिरून गेला की मधे खडीची रांग उरते, तिच्यावर चाक चढलं की गाडी ओढली जाते. तेव्हा ब्रेक न दाबता पाय काढा. खडी नसलेला मातीचा रस्ता पावसात टाळा. चिकण माती चाकात भरून चाक फिरायचं थांबतं, आणि ट्रॅक्टरशिवाय सुटका नाही. जुलैपासून मका डोक्यावर जातो आणि चौकात आडवी गाडी दिसत नाही. त्या चौकांना पुष्कळदा स्टॉपची पाटीही नसते. मका दिसला की वेग कमी करा.

पेरणी एप्रिलअखेर ते मेअखेर चालते आणि कापणी ऑगस्ट ते ऑक्टोबर. या काळात रस्त्यावर रुंद यंत्रं असतात, मागे नारिंगी त्रिकोण लावलेली. शेतात डावीकडे वळणारा ट्रॅक्टर आधी थोडा उजवीकडे सरकतो. नवखा माणूस त्याला वाट दिल्याची खूण समजतो आणि नेमका त्याच्या आडवा जातो. त्याच्या दिव्यांकडे लक्ष द्या, धीर धरा.

एप्रिल आणि बाग

बर्फ वितळायच्या आधी संप पंपाची नळी परत जोडा आणि छपराच्या पन्हाळीचं पाणी भिंतीपासून दोन मीटर दूर सोडा. पायालगतची माती खचली असेल तर उन्हाळ्यात भर घालून उतार बाहेरच्या बाजूला करा.

बागेची जागा जवळजवळ प्रत्येक घराला आहे आणि माती सोन्यासारखी. मोसम मात्र जेमतेम चार महिन्यांचा. मिरचीचं बी मार्चच्या सुरुवातीला घरात दिव्याखाली, वांगं मार्चच्या मध्याला, दुधी-कारली-दोडका एप्रिलअखेर. रोपं बाहेर लावायची ती जूनच्या पहिल्या आठवड्यात. मेच्या मध्यात ऊन छान पडतं आणि मोह होतो, पण मेअखेरपर्यंत रोपं गोठवणारी रात्र येऊ शकते. लावली असतील तर जुन्या चादरी जवळ ठेवा.

जूनमध्ये दिवस सोळा तासांचा असतो आणि आपली बरीचशी पिकं त्याने गोंधळतात. कोथिंबीर महिन्याभरात फुलावर येते, म्हणून दर दोन-तीन आठवड्यांनी थोडी थोडी पेरा. भारतीय कांद्याचं बी लहान दिवसाचं असल्याने रोप लहान असतानाच गड्डा धरतो आणि लिंबाएवढा राहतो, इथलं लांब दिवसाचं बी घ्या. तूर लावू नका, तिला फुलायला दिवस लहान व्हावे लागतात आणि तोवर बर्फ येतो. मेथी मेच्या मध्यापासून थेट जमिनीत उत्तम येते. मुळा आणि मोहरीच्या कोवळ्या पानांची चाळण होईल. शेजारच्या कॅनोलाच्या (मोहरीच्या कुळातलं तेलबियांचं पीक) शेतातले काळे उडते पिसवा-भुंगे ते करतात. पेरल्या दिवसापासून बारीक जाळी घाला. टोमॅटोची पानं अचानक वळून दोरीसारखी झाली तर रोग शोधत बसू नका, बहुधा तणनाशकाचा फवारा वाऱ्याने आला आहे. भारतातून बी आणू नका, परवान्याशिवायचं सीमेवर काढून घेतात.

शेपू मागायला कुठे जायला नको. गावातल्या प्रत्येक बागेत तो आपोआप उगवतो, काकडीच्या लोणच्यात आणि बोर्श्ट नावाच्या सूपमध्ये पडतो. उन्हाळी बोर्श्टमध्ये चुक्यासारखी आंबट पालेभाजी, शेपू, बटाटा आणि ताक असतं. आंबट चुक्याची सवय असलेल्या माणसाला ते पहिल्या घासात आवडतं. फक्त त्याचं पाणी पुष्कळदा डुकराच्या हाडांचं असतं, ते विचारून घ्या. वरेनिकी या उकडलेल्या करंजीसारख्या पदार्थात आत कोरडं पनीरसारखं चीज असतं, पण वरचा सायीचा रस्सा सॉसेजच्या चरबीत केलेला असू शकतो. बन आणि रोलकुकन या तळलेल्या पदार्थात लार्ड, म्हणजे डुकराची चरबी, घातलेलं असतं किंवा नसतं. ‘मी मांस खात नाही’ एवढ्याने इथे लार्ड कुणाच्या डोक्यात येत नाही, ‘लार्डही नाही’ असं वेगळं सांगा. प्लूमामूस, म्हणजे सुक्या मेव्याचं गार सूप, आणि टरबूज निर्धास्त खा.

शेजारी

आडनावं मोजकी आहेत: फ्रीझन, पेनर, डिक, वीब, क्लासन. पहिल्या भेटीत तुम्ही कुठले, घरी कोण कोण, हे विचारतात, जसं आपल्याकडे विचारतात. चौकशी आपुलकीची असते. अमेरिकन मेनोनाइट मिशन १८९९ मध्ये आजच्या छत्तीसगडमधल्या धमतरीला आलं आणि मेनोनाइट सेंट्रल कमिटी १९४२ पासून बंगालमध्ये मदतीला होती, तेव्हा एखाद्या आजीने धमतरीचं नाव काढलं तर नवल वाटू देऊ नका.

रविवारी बरीच दुकानं बंद असतात. त्या दिवशी गवत कापायचं यंत्र लावण्याआधी शेजाऱ्यांची रीत बघा. दुपारी तीन-साडेतीनला फास्पाला बोलावलं तर ते पोटभर जेवण नव्हे: बन, जॅम, चीज, थंड मांस, लोणचं, कॉफी. दारात बूट काढा, टेबलावर बसल्यावर प्रार्थना होईपर्यंत हात लावू नका, आणि काहीतरी करून न्या. चर्चला येण्याचं आमंत्रण मिळेल. जावंसं वाटत नसेल तर ‘आमचा धर्म वेगळा आहे, पण विचारलंत त्याचा आनंद वाटला’ असं सरळ सांगितलेलं कुणाला लागत नाही. टाळाटाळ केली तर मात्र दर महिन्याला पुन्हा विचारतील.

ओळखी वाढवायच्या तर काम मागा. थ्रिफ्ट दुकानात कपडे लावायला, बर्फावरच्या खेळांच्या रिंकच्या कँटीनमध्ये, जुलैअखेरच्या आल्टोनाच्या सूर्यफूल महोत्सवात माणसं कमीच पडतात. शरद ऋतूत चर्चच्या आणि गावाच्या सभागृहात सामुदायिक जेवणं होतात, त्यांची तिकिटं आधी संपतात, म्हणून सप्टेंबरमध्येच विचारा. परतीचं आमंत्रण तुमच्याकडून जायला हवं. पहिल्या वेळी बटाट्याची भाजी, पुऱ्या, कोशिंबीर, वरण-भात आणि श्रीखंड करा, तिखट वेगळ्या वाटीत ठेवा, आणि वेळ संध्याकाळी साडेपाचची द्या. आठला जेवायला बोलावलंत तर ते घरून जेवून येतील.